एकाच सिनेमाबद्दल डोकेदुखीची तक्रार आणि आभाराचं पत्र: तार्कोव्हस्कीचा 'मिरर' समजून घेताना

1975 साली सोव्हिएत रशियात एक सिनेमा आला, 'झेरकालो', म्हणजे आरसा. जगभर तो 'मिरर' या नावाने ओळखला जातो. दिग्दर्शक आंद्रेई तार्कोव्हस्की. सिनेमा बघून लोकांनी त्याला पत्रं लिहिली आणि त्यातली काही त्याने पुढे आपल्या पुस्तकात दिली. लेनिनग्राडच्या एका सिव्हिल इंजिनीअरने लिहिलंय की पहिल्या अर्ध्या तासातच डोकं भयंकर दुखायला लागलं, कारण काय चाललंय ते समजून घ्यायचा मी अगदी मनापासून प्रयत्न करत होते, तरीही शेवटपर्यंत बसले. आणि गॉर्की शहरातल्या एका बाईने लिहिलंय की या सिनेमाबद्दल तुमचे आभार, माझं लहानपण अगदी असंच होतं, तोच वारा, तेच वादळ, दिवा विझलेला, खोलीत अंधार आणि आई कधी येतेय याची वाट बघणं, पण हे तुम्हाला कसं कळलं?

सिनेमा एकच, म्हणजे तीच रिळं आणि त्याच फ्रेम्स, आणि दोन्ही बायका खरं बोलतायत. मला आज हेच समजावून सांगायचंय, की आठवणींवरच्या सिनेमाला 'संमिश्र प्रतिसाद मिळाला' असं जे दोन शब्दांत लिहून मोकळं होतात, त्या दोन शब्दांच्या आत नक्की काय असतं.

आधी थोडं आकड्यांचं बघू, कारण आपण सगळेच हल्ली सिनेमा लावण्याआधी मोबाईलवर रेटिंग बघतो. समजा एक सिनेमा 20 जणांनी बघितला आणि विसाच्या वीस जणांनी त्याला 10 पैकी 6 दिले. सरासरी 6. आता दुसरा सिनेमा घ्या, तोही 20 जणांनीच बघितला, त्यातल्या 10 जणांनी 10 दिले आणि उरलेल्या 10 जणांनी 2 दिले. हिशोब करा, याचीही सरासरी 6च येते. स्क्रीनवर दोन्ही सिनेमे एकसारखे दिसतात, पण पहिला सिनेमा म्हणजे 'ठीक आहे, वेळ गेला' आणि दुसरा म्हणजे काहींच्या आयुष्यातला मोठा अनुभव आणि काहींना सरळ संताप. मेटाक्रिटिक नावाची जी साईट आहे तिथे समीक्षकांचे मार्क एकत्र करून 100 पैकी आकडा काढतात आणि मधल्या पट्ट्यातल्या सिनेमांना जे लेबल लावतात ते आहे 'मिक्स्ड ऑर अ‍ॅव्हरेज', म्हणजे संमिश्र किंवा सामान्य! दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी एकाच डब्यात. रॉटन टोमॅटोजचं गणित आणखी वेगळं, तिथे टक्केवारी म्हणजे किती समीक्षकांना सिनेमा एकंदरीत आवडला तेवढंच, किती आवडला ते त्यात नसतं. त्यामुळे सगळ्यांना थोडा थोडा बरा वाटलेला सिनेमा तिथे 95 टक्क्यांवर जाऊन बसू शकतो आणि निम्म्या लोकांनी काळजाशी धरलेला सिनेमा 50 वर राहतो. वाईट हेतू कुणाचाच नाही, पण आकडा एकच असला की त्यात भांडण मावत नाही.

'मिरर' आला तेव्हा या साईट्स नव्हत्याच, पण तो या दुसऱ्या जातीचा सिनेमा आहे, 10 आणि 2 वाला. तो असा का झाला हे कळायला सिनेमात काय आहे ते सांगावं लागेल, आणि तिथेच पहिली अडचण, कारण गोष्ट सांगता येत नाही. एक माणूस आहे, चाळिशीचा, आजारी. तो आपल्याला जवळजवळ दिसतच नाही, फक्त आवाज ऐकू येतो. त्याला लहानपण आठवतंय, गावाकडचं लाकडी घर, वडील सोडून गेलेले, एकटी आई. मग युद्धाची वर्षं. मग आत्ताचं, बायकोपासून वेगळं झालेलं आयुष्य आणि मुलगा. हे तीन काळ एकामागून एक येत नाहीत, ते एकमेकांत घुसतात, मध्येच स्वप्न येतं, मध्येच खऱ्या युद्धाचं जुनं न्यूजरील येतं, कधी रंगीत, कधी काळंपांढरं, आणि रंगीत म्हणजे आज आणि काळंपांढरं म्हणजे काल असा साधा नियम लावायला गेलं तर तोही टिकत नाही.

वर कहर म्हणजे आई आणि बायको ही दोन्ही पात्रं एकाच नटीने केलीत, मार्गारिता तेरेखोवाने. युद्धाच्या वर्षांतला, बारा-एक वर्षांचा नायक आणि त्याचा मुलगा ही दोन्हीही एकाच पोराने. पहिल्यांदा बघणाऱ्याचा इथेच पाय घसरतो, ही आत्ता कोण आहे, आई का बायको? दिग्दर्शक पाटी लावत नाही, साल सांगत नाही. एका प्रसंगात नायक बायकोला बोलून दाखवतो की मला लहानपण आठवलं, आई आठवली की का कोण जाणे तिला तुझाच चेहरा असतो. पण हे वाक्य निसटलं तर पुढचा तासभर अंधारात चाचपडण्यात जातो, डोकं दुखतं ते खोटं नाही.

आता हे त्याने मुद्दाम अवघड करून ठेवलंय का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण आपल्या डोक्यात आठवण कशी काम करते त्यात आहे. आपण समजतो की आठवण म्हणजे कपाटातली सीडी, काढली, लावली, जसंच्या तसं दिसलं. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1932 साली यावर एक पुस्तक लिहिलं, त्यातला प्रयोग आजही शिकवतात. त्याने लोकांना अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली, भुतांच्या लढाईची, आणि नंतर ती आठवून लिहायला सांगितली, काही वेळाने परत, आणखी काही वेळाने परत. प्रत्येक वेळी गोष्ट बदलत गेली. जे विचित्र वाटत होतं ते गळून गेलं, कथेतले लोक सील या समुद्री प्राण्याची शिकार करायला निघालेले असतात त्याचं मासेमारी झालं, त्यांच्या होड्या इंग्रजी वळणाच्या झाल्या. खोटं कुणीच बोलत नव्हतं. आठवताना आपण गोष्ट दरवेळी नव्याने बांधतो आणि हाताशी जे सामान असेल तेच वापरतो, एवढंच त्यातून दिसलं.

मला हे पुस्तकातून पटलं नाही, घरातून पटलं. माझं आजोळ कोकणात, राजापूरकडे. लाईट गेली की आजी पडवीत बसून कंदिलाची काच चुलीतल्या राखेने पुसायची, रॉकेलचा वास, तिचा अंगठा काचेत आतून फिरतोय, आणि काच लख्ख झाली की ती एकदा उजेडाकडे धरून बघायची, हे मला इतकं स्पष्ट दिसतं की मी आत्ता चित्र काढून दाखवीन. दोन वर्षांपूर्वी हे मावसबहिणीला सांगत होतो तर ती म्हणाली, अरे आजी कुठली, आजीचा हात तर तू जन्मायच्या आधीच मोडलेला, तिला धड मूठ वळायची नाही, कंदील मामी पुसायची. मी आईला फोन लावला. आई म्हणाली मामीच. म्हणजे काच खरी, राख खरी, उजेडाकडे धरणंसुद्धा खरं, फक्त चेहरा मी बदलून बसवलाय आणि आज मला माहीत असूनही तो परत बदलत नाही, डोळे मिटले की आजीच दिसते.

म्हणजे तेरेखोवाचे दोन रोल हे कोडं नाहीच, आठवणीत जे आपोआप होतं तेच त्याने पडद्यावर ठेवलंय. मी हा सिनेमा पहिल्यांदा पुण्यात कॉलेजात असताना एका फिल्म क्लबमध्ये बघितला होता आणि तेव्हा मला तो अजिबात भावला नव्हता, वहीत नाती लिहून ठेवायचा प्रयत्न करत बसलो होतो आणि शेवटी वही मिटून टाकली. दुसऱ्यांदा बघितला तो आजोळचं घर विकल्यानंतर. सिनेमा तोच होता.

एक सीन जवळून सांगतो, सुरुवातीचाच. आई कुंपणाच्या आडव्या लाकडावर बसून सिगारेट ओढतेय, समोर मोठं शेत. शेतातून एक अनोळखी माणूस येतो, रस्ता चुकलेला डॉक्टर. जरा गप्पा मारतो, तिच्या शेजारी कुंपणावर बसतो आणि ते लाकूड काडकन मोडतं, दोघं खाली पडतात, तो हसायला लागतो. मग पडल्या पडल्या झाडाझुडपांबद्दल काहीतरी बोलतो, की यांना घाई नसते, आपणच धावत असतो. उठतो, निघतो. थोडं लांब गेल्यावर थांबतो आणि त्याच वेळी शेतावरून वाऱ्याची एक लाट येते, गवत वाकवत, त्याच्या अंगावरून, सरळ आपल्याकडे. तो वळून बघतो. परत एक लाट. मग तो जातो, आणि पूर्ण सिनेमात हा माणूस पुन्हा येत नाही.

कथेच्या हिशोबात हा सीन फुकट गेला, बरोबर? त्यातून पुढे काहीच घडत नाही. पण स्वतःच्या लहानपणाचं आठवून बघा, एकदाच घरी आलेला कुणीतरी पाहुणा, नाव माहीत नाही, का आला होता माहीत नाही, पण त्याने दारात छत्री कशी झटकली ते लख्ख आठवतं आणि ज्या आत्याच्या लग्नाला चार दिवस राहिलो त्या लग्नातलं काही म्हणजे काही आठवत नाही. आठवण महत्त्व बघून निवड करत नाही. 'मिरर' त्याच न्यायाने चालतो, आणि ज्याला सिनेमाकडून गोष्ट हवी असते त्याला साहजिकच फसवल्यासारखं वाटतं.

दुसरी अडचण रशियाबाहेरच्या प्रेक्षकाची आहे आणि ती फार कमी जण बोलतात. आई एका छापखान्यात प्रूफं तपासायचं काम करते (तार्कोव्हस्कीची खरी आईही मॉस्कोच्या छापखान्यात हेच काम करायची). एका सकाळी तिला वाटतं की छापायला गेलेल्या महत्त्वाच्या मजकुरात एक भयंकर चूक राहून गेली, आणि ती पावसातून धावत सुटते, पॅसेजेसमधून, मशीनच्या बाजूने, पानं उलटत, सगळ्यांचे चेहरे पांढरे पडलेले. चूक नसते. मग ती मैत्रिणीच्या कानात तो शब्द सांगते, दोघी हसतात, रडतात. आपल्याला शब्द ऐकू येत नाही. आपण म्हणतो, एका प्रिंटिंग मिस्टेकसाठी एवढं? पण तो स्टालिनचा काळ आहे, भिंतीवर त्याचं पोस्टर पण दिसतं, आणि त्या काळात नको त्या जागी एक अक्षर चुकलं तर नोकरीच काय, माणूसच गायब व्हायचा. 1975 च्या रशियन प्रेक्षकाला हे सांगायची गरज नव्हती, कानात कुजबुजलेला शब्द त्याला न ऐकता ऐकू आला असणार. म्हणजे सिनेमा अवघड आहे म्हणताना, कुणाला अवघड, हे पण बघायला पाहिजे.

बरं, त्या वेळी टीका करणारे सगळे एकाच कारणाने टीका करत नव्हते, आणि 'संमिश्र' या शब्दात ही सगळी कारणं एकत्र कालवली जातात याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. सोव्हिएत रशियात सिनेमाचं सरकारी खातं होतं, गोस्किनो, त्याचे प्रमुख फिलिप येरमाश. त्यांचा आक्षेप असा की हे सामान्य जनतेला कळणार नाही, आणि सिनेमा तर जनतेच्या पैशाने बनलेला. मग त्याला दुसऱ्या श्रेणीत टाकलं. दुसरी श्रेणी म्हणजे कमी प्रिंट्स, कमी थिएटर्स, आणि बनवणाऱ्यांना पैसेही कमी. बघा हं, आधी म्हणायचं लोकांना आवडणार नाही आणि मग लोकांपर्यंत पोचूच द्यायचा नाही, आणि नंतर कमी लोकांनी बघितला हाच पुरावा! हे समीक्षण नव्हेच, पण इतिहासात ते 'वाईट प्रतिसाद' या खात्यात जमा होतं.

दुसरी टीका त्याच्याच बिरादरीतली. दिग्दर्शक लोकांनी चर्चा केली, ती तिकडच्या सिनेमाच्या मासिकात छापून आली, आणि त्यातला एक सूर असा होता की हा माणूस स्वतःशीच बोलतोय, प्रेक्षकाशी नाही. ही टीका मी हलक्यात घेत नाही. त्याचा नेहमीचा कॅमेरामन वादिम युसॉव्ह, ज्याने आधीचे सिनेमे शूट केले होते, त्यानेही हा सिनेमा करायला नकार दिला कारण त्याला ही स्क्रिप्ट फारच आत्मचरित्रासारखी वाटली, मग गिओर्गी रेरबर्ग आला. आणि खरंच आहे की, सिनेमात ज्या कविता ऐकू येतात त्या तार्कोव्हस्कीच्या खऱ्या वडिलांच्या, आर्सेनी तार्कोव्हस्कींच्या, त्यांच्याच आवाजात. म्हातारी आई म्हणून जी दिसते ती त्याची खरी आई. घरसुद्धा जुने फोटो बघून त्याच जागी, जुन्या पायावर परत बांधलं. एखाद्याने इतकं स्वतःचं घर पडद्यावर आणलं तर परक्याने त्यात कुठून शिरायचं, हा प्रश्न रास्तच आहे.

त्याचं उत्तर मला शेताच्या गोष्टीत सापडतं. त्याच्या लहानपणी घरासमोर कुट्टूचं, म्हणजे बकव्हीटचं शेत होतं, पांढऱ्या फुलांचं, बर्फ पडल्यासारखं दिसायचं. शूटिंगला गेले तर तिथे वर्षानुवर्षं क्लोव्हरचा चारा आणि ओट्स लावत होते, शेतावरचे लोक म्हणाले इथे कुट्टू येतच नाही. यांनी शेत भाड्याने घेतलं आणि स्वतःच्या जबाबदारीवर कुट्टू पेरला. आणि आला, चांगला तरारून आला! आता गॉर्कीच्या त्या बाईला कुट्टूचं शेत त्याचं खरं होतं का नाही याच्याशी काय देणंघेणं, पण एखाद्या माणसाने आपली आठवण इतक्या हट्टाने, इतक्या बारकाईने उभी केली की ती बघताना आपली स्वतःची हलायला लागते. ढोबळ 'बालपण' दाखवलं असतं तर कुणालाच काही वाटलं नसतं. म्हणजे ज्या खाजगीपणामुळे काही लोक बाहेर राहिले त्याच खाजगीपणामुळे बाकीचे आत शिरले, दोन्ही एकाच दारातून होतं, आणि म्हणून मला वाटतं की अशा सिनेमाचा प्रतिसाद एकमुखी कधी होणारच नाही.

याला वेळ किती लागतो बघा. ब्रिटनचं 'साइट अँड साउंड' मासिक दर 10 वर्षांनी जगातले सर्वोत्तम सिनेमे कोणते यावर मतदान घेतं, समीक्षकांचं वेगळं आणि दिग्दर्शकांचं वेगळं. 2022 च्या मतदानात 'मिरर' दिग्दर्शकांच्या यादीत 8 वा आला आणि समीक्षकांच्या यादीत 31 वा. 47 वर्षांनंतरही मान मिळतोय, पण फरक राहिलाच. जे स्वतः सिनेमा बनवतात त्यांना तो जास्त जवळचा वाटतो, कदाचित त्यांना माहीत असतं की सुमारे 200 शॉट्सचा हा सिनेमा टेबलावर जुळता जुळत नव्हता, एडिटिंगचे वीसएक वेगवेगळे क्रम करून झाले तरी काही केल्या उभा राहत नव्हता, आणि एक दिवस एका शेवटच्या प्रयत्नात तो अचानक सांधला गेला.

तुम्ही अजून बघितला नसेल आणि बघायचा असेल तर माझं एवढंच सांगणं, पहिल्या वेळी नाती जुळवत बसू नका. एक सीन पकडा आणि त्याच्याकडे नीट बघा. त्यात एक टेबल आहे, त्यावर गरम चहाचा कप ठेवलेला होता, एक अनोळखी बाई येऊन बसलेली होती, मुलगा दार उघडायला उठतो आणि परत येतो तर बाई नाही, कपही नाही, फक्त पॉलिश केलेल्या लाकडावर वाफेचं एक गोल वर्तुळ उरलंय आणि ते आपल्या डोळ्यांदेखत आकसत आकसत जातं. आणि नाही आवडला तर नाही आवडला, अर्ध्या तासात बंद करा, त्या इंजिनीअरबाईंपेक्षा तुमचं वाचन किंवा समज कमी असा त्याचा अर्थ होत नाही, या घडीला तो तुमच्यातल्या कशाला लागत नाहीये एवढंच.

या सिनेमाचा पहिला प्रेक्षक मात्र ना येरमाश होते ना मासिकवाले. गावाकडचं ते घर बांधून झाल्यावर, शूटिंग पुरतं व्हायच्या कितीतरी आधी, तार्कोव्हस्की आपल्या आईला तिथे घेऊन गेला. मारिया इव्हानोव्हना तेव्हा म्हातारी झाली होती, तिची तरुण वर्षं त्याच जागेत, त्याच घरात गेली होती. तिने समोर तेच घर बघितलं, आणि तिला जे झालं ते त्याने कल्पना केली होती त्याच्याही कितीतरी पुढचं होतं, तो लिहितो की ती आपल्या भूतकाळात परत जाऊन आली, आणि तेव्हा त्याला कळलं की आपण बरोबर चाललोय. सिनेमाच्या शेवटी ही म्हातारी बाई दोन लहान मुलांचा हात धरून संध्याकाळच्या शेतातून चालत जाते, लांबवर तिचंच तरुण रूप उभं आहे, मुलगा एकदा जोरात ओरडतो, आणि कॅमेरा हळूहळू मागे मागे झाडांत सरकतो.